जहागीरदारांचा तोकडा साज

बेबाबाईनं ती पाचू-माणकांची चिंचपेटी हातात घेतली, दोनदा उलटीपालटी केली, डोळ्यांपाशी नेली, नाकापाशीसुद्धा नेली आणि मग भर दुकानात म्हणाली, "भाऊ, यामा काहीच कमी नही. बठ्ठा नग जागवर शेतस."

झालं! प्रेमराजशेठच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. सोफ्यावर बसलेल्या जहागीरदारांनी भुवया वर केल्या. आणि शेठचा मुलगा हितेंद्र, ज्यानं गेला अर्धा तास या साजातलं काय काय हरवलंय ते पाहुण्यांना पटवून दिलं होतं, तो असा लाल झाला की विचारू नका.

आता कुणी म्हणेल, ही बेबाबाई कोण आणि जळगावच्या सराफ बाजारात एवढ्या मोठ्या दुकानात तिनं मध्ये तोंड घालायचं कारण काय? तर बेबाबाई पटवेकरीण. सोनार दागिना घडवतो, जडिया त्यात खडे बसवतो, पण मणी, मोती, पेट्या रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा लावून तो गळ्यात घालण्याजोगा करते ती पटवेकरीण. दुकानाच्या ओट्यावर डाव्या हाताला तिची जागा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती तिथं बेचाळीस वर्षं बसली होती आणि तिच्या आधी तिची सासू भिकुबाई. दुकानाला काचा आल्या, एसी आला, दारात बंदूकवाला रखवालदार आला. ओटा तेवढा होता तसा राहिला.

पाहुणे धुळ्याचे. अमृतराव जहागीरदार, सगळ्यांचे आबासाहेब, वय पंचाहत्तरीच्या आसपास, पांढराशुभ्र शर्ट, पॉलिश केलेले बूट. शिंदखेड्याकडच्या बोरवणची जहागिरी त्यांच्या घराण्याची. जहागिरी केव्हाच गेली. आडनाव राहिलं आणि बँकेच्या लॉकरमध्ये हा साज राहिला. सोबत त्यांची नात पुनम होती, तिचं मार्गशीर्षात लग्न. अमृतरावांच्या आजीचा, रमाबाईसाहेबांचा हा साज नातीनं लग्नात घालावा, एवढीच आबासाहेबांची हौस होती.

पण साज तिला होईना. खरं तर तो कुणालाच होईना. चिंचपेटी पुनमच्या गळ्याला लावली की मागं चार बोटं गळा उघडाच. मोत्यांचा सर डोक्यातून उतरायला तयार नाही. नथ म्हणावी तर तिला नाकात घालायची तारच नाही, मागं नुसती सपाट चकती. कर्णफुलांचंही तेच, चकत्या. आणि पाचवा नग तर सगळ्यात विचित्र, माणकं जडवलेलं एक गोल, खोलगट पदक आणि त्याच्या बरोब्बर मधोमध भोक!

हितेंद्र सुरतेहून रत्नांची परीक्षा शिकून आलेला. पोरगा हुशार, यात वाद नाही. खडे अस्सल आहेत हे त्यानं पाच मिनिटांत सांगितलं. पुढचं मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यानं जुळवलं. चिंचपेटीच्या पेट्या गळून पडल्या, सराचे मोती सांडले, नथीची तार तुटली म्हणून कुणी तरी चकती चिकटवली आणि पदकाच्या भोकात सुपारीएवढा पाचू होता तो गेला. पूर्ण साज कसा दिसायचा याचं चित्र त्यानं कॉम्प्युटरवर काढून ठेवलं होतं. सुपारीएवढा पाचू जयपूरहून मागवलासुद्धा होता. बेबाबाईला आत बोलावलं होतं ते फक्त एवढ्यासाठी, की तिनं जुनं रेशीम उसवून द्यावं.

"अक्का, हे गळ्याला पुरत नाही, दिसतंय ना तुम्हाला?" हितेंद्र शक्य तितक्या शांतपणे म्हणाला.

"गळाले पुरत नही, हाई खरं," बेबाबाई म्हणाली. "पन दागिना कमी नही. देख, मधली पेटी मोठी. मंग दोन्हीकडे लहान लहान व्हत गयी. हाई शेवटली देख. तिले एकच बाजूले कडी शे. तिना पुढे पेटी कधी नव्हतीच."

"मग वीतभर गळा असलेली बाई कोण होती ही?"

"ते माले आजून मालूम नही."

"आणि हे पदक? याच्यातला पाचू?"

बेबाबाईनं ते पदक तळहातावर उताणं ठेवलं. वाटीसारखं ते तळहातावर डुगडुगलं. "छातीवर वाटी बांधीसन कोन फिरस रे भाऊ?"

पुनमला हसू फुटलं. ते तिनं लगेच दाबलं, पण हितेंद्रच्या जखमेवर मीठ पडायचं ते पडलंच.

प्रेमराजशेठ मुलाचा बाप होता आणि दुकानाचा मालकही. पाहुण्यांसमोर मुलाची शोभा झालेली त्याला खपली नाही. तो कप खाली ठेवून म्हणाला, "अक्का, आबासाहेब शुक्रवारी परत येणार आहेत. तोवर उसवून द्या. तुमच्याकडून होत नसेल तर सुरतेचा कारागीर येईल. आणि तसंही ओट्यावर शोकेस लावायचं हितेंद्रच्या मनात आहेच."

दुकानात सगळ्यांना कळलं. बेबाबाईला तर पहिल्या शब्दालाच कळलं. तिनं चिंचपेटी मखमलीवर ठेवली, हलक्या हातानं सरळ केली आणि म्हणाली, "शुक्रवारलोंग माले टाइम द्या, भाऊ. दागिना कोना शे ते मी सांगसू. चुकनू ते मीच उसवसू आन् ओटावरतून मीच उठसू."

बोलून तर बसली. ओट्यावर परत येऊन तिनं दोरा अंगठ्याला अडकवला. नवरा चुडामण गेला तेव्हा याच ओट्यावर तिनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोत गाठली होती. पोरीचं लग्न याच ओट्याच्या जिवावर झालं. एकसष्टाव्या वर्षी कुणी तिला दुसरी जागा देणार नव्हतं आणि तिला दुसरी नकोही होती. पण पूर्ण असलेला दागिना कात्रीनं कापायचा, मध्ये नव्या पेट्या घुसवायच्या आणि वर तो जुना म्हणून मिरवायचा, हे तिच्या हातून होणं नव्हतं. हात कापून दिला असता, पण हे नाही.

साज दुकानाच्या तिजोरीत गेला. बेबाबाईकडे राहिलं ते फक्त माप. पटवेकरणी टेप वापरत नाहीत. रेशमाचा एक दोरा लावायचा, जिथं दागिना संपतो तिथं गाठ मारायची. असे दोन दोरे तिनं कनवटीला खोवले होते. एक चिंचपेटीचा, एक पदकाच्या भोकाचा.

रविवारभर तिनं डोकं चालवलं. लहान मुलीचा साज म्हणावं तर चार-पाच वर्षांच्या मुलीला एवढी जड नथ कोण घालेल? आणि जहागीरदाराची मुलगी झाली म्हणून काय झालं, तिचे कान टोचल्याशिवाय राहतील? नाक टोचलेलं नाही, कान टोचलेले नाहीत, गळा वीतभर आणि अंगावर पाचू-माणकं! अशी बाई तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

सोमवारी तिला वाटलं, देवीच्या मूर्तीचा असेल. ती गल्लीतल्या देवळात पुना गुरवाकडे गेली. पुनानं सगळं ऐकून घेतलं, भोकाचा दोरा हातात धरून पाहिला आणि मान हलवली.

"मूर्तीना दागिना मागे दोरीघाई बांधतस, अक्का. पूर्ण येढा राहत नही," तो म्हणाला. "आन् ते पदक मुकुट म्हनशी, ते मुकुटले वरतून भोक कसाले? अभिषेकनं पानी देवीना डोकामा जाई!"

म्हणजे तेही नाही. मंगळवार असाच गेला. हितेंद्र ओट्यावरून येता-जाता भिंतीचं माप घेत होता. टेपनं. शोकेससाठी. बेबाबाईनं तिकडे पाहिलं नाही, पण टेपचा तो सर्रकन मागं जाणारा आवाज तिला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता.

हे दिवस तिच्या कामाच्या गर्दीचे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसणार. खानदेशातल्या माणसाला कानबाई काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर तांब्यावर नारळ ठेवायचा आणि तो नारळ म्हणजेच देवी. तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे, सगळ्या भाऊबंदांनी एका घरी जमून रोट करायचे आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्यासाठी बायका आपापल्या पोती, मंगळसूत्रं आधी नव्यानं गाठून घ्यायला येतात. बुधवारी दुपारी पारोळ्याहून ज्योत्स्ना नावाची एक सून आली. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. तिनं मंगळसूत्र पुढं केलं आणि म्हणाली, "मावशी, दोरा यंदा आखूड ठेवजो बरं. कानबाईले घालं का दोन येढा देना पडतस, तरी लोंबस."

"आखूड ठेवं ते तुना गळामा घट्ट व्हई."

"मना राहू द्या. माय एक दिवस येस, तिना मापनं पाहिजे."

बेबाबाईच्या बोटांतला दोरा थांबला.

"नथ कशी लावतस तुम्ही तिले?" तिनं विचारलं. आवाज आपला नसल्यासारखा आला.

"आते नारळले काय नाक टोचाना शे का, मावशी? मेण लाईसन चिकाडतस." ज्योत्स्नानं तिच्याकडे असं पाहिलं की म्हातारीला ऊन लागलं की काय.

आणि बेबाबाई हसायला लागली. अशी हसली की चष्मा घसरून मांडीवर पडला. रखवालदार वळून बघायला लागला. अरे, एकसष्ट वर्षं कानबाईपुढं रोट खाल्लेली बाई! दरवर्षी स्वतःच्या हातानं मेण लावून नारळाला नथ चिकटवणारी बाई! आणि तिला चार दिवस दिसलं नाही! पण दिसणार कसं? सगळ्यांच्या घरी कानबाईला घरातल्याच बायकांचे दागिने उसने घालतात. मुद्दाम नारळाच्या मापानं पाचू-माणकांचा साज घडवायचा, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सुचणार? आणि ज्या घराला ते परवडलं असतं त्या घराची कानबाई असेल, हे दुकानातल्या शहाण्यांना सुचणार नव्हतं. जहागीरदार म्हटलं की त्यांना पैठणीतली राणीसाहेबच दिसायची.

आता तिला दुसरंही आठवलं. पहिल्या दिवशी तिनं चिंचपेटी नाकापाशी नेली होती. अंगावर वापरलेल्या रेशमाला घामाचा, तेलाचा वास धरतो, तो कितीही वर्षांनी जात नाही. या रेशमाला नुसता कापराचा वास होता. आणि नथीच्या चकतीवर काळपट थर होता, त्याला हितेंद्र जुनी लाख म्हणाला होता. लाख कसली, मेण होतं ते!

घरी येऊन तिनं आधी तांब्या काढला आणि त्याच्या गळ्याला चिंचपेटीचा दोरा लावला. गाठ गाठीला आली नाही. चांगली दोन बोटं कमी पडली. दुसरा लोटा घेतला, तोही जाडजूड. डोकं सांगत होतं बरोबर आहे, दोरा सांगत होता नाही. ती दोऱ्याचं ऐकत आलेली बाई होती. गुरुवारी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी पहूरला थोरल्या जावेला फोन केला, कारण त्यांच्या भाऊबंदांची कानबाई तिथं बसते. "अक्का, यंदा नारळ कोना हाते सजाडशात ते ठराई ल्या. मना काही भरोसा नही," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी अकरा वाजता अमृतराव आणि पुनम आले. मखमलीवर साज मांडला गेला. शेजारी हितेंद्रनं कागदाची पुडी उघडून जयपूरचा पाचू ठेवला. खरंच सुपारीएवढा होता आणि खरंच सुंदर होता. त्याच्या शेजारी कात्री.

"बोला अक्का," प्रेमराजशेठ म्हणाला. "कुणाचा साज?"

"एक नारळ आना," बेबाबाई म्हणाली. "शेंडीवाला. आन् एक तांब्या."

आधी कुणाला कळेना. मग सेल्सच्या पोरी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. हितेंद्र हसला, पण वाईट हसला नाही, दमल्यासारखा हसला. "अक्का, अहो काय हे?"

"हसा, हसा. नारळ येऊ द्या, तवलोंग हसा."

समोरच्या पूजेच्या दुकानातून नारळ आला. तांब्या म्हणून पाण्याच्या फिल्टरशेजारचा स्टीलचा लोटा आला. बेबाबाईनं त्याच्या गळ्याला चिंचपेटी लावली. मागं दोन बोटं मोकळी. तिनं परत लावली, खाली सरकवली, वर सरकवली. दोन बोटं ती दोन बोटं.

"पुरे आता, अक्का," हितेंद्र म्हणाला. "आबासाहेबांचा वेळ जातोय."

ओटा गेला, बेबाबाईला वाटलं. बेचाळीस वर्षं गेली. तिनं चिंचपेटी सोडवली. तिला कात्री दिसत होती आणि तिकडे बघायचं नव्हतं.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "तांब्याचा नाही का?"

अमृतराव होते ते. ते पुढं झुकून त्या नारळाकडे टक लावून बघत होते. "तांब्या तांब्याचा असायचा," ते म्हणाले. "लहान. असा एका हातात मावेल एवढा." आणि आपण हे का बोललो ते त्यांनाच कळलं नसावं.

प्रेमराजशेठ उठला. कुणाला सांगितलं नाही, स्वतः गेला आणि दुकानाच्या देवघरातला लक्ष्मीपूजनाचा छोटा तांब्याचा गडू घेऊन आला. बेबाबाईनं चिंचपेटी त्याच्या गळ्याभोवती फिरवली. शेवटची पेटी पहिल्या पेटीला येऊन भिडली. एका केसाचंही अंतर नाही. पेट्या गडूच्या गळ्याला अशा टेकल्या की त्यांनी तिथंच जन्म घेतला असावा.

सेल्सच्या पोरी हसायच्या थांबल्या.

बेबाबाई आता कुणाकडे बघत नव्हती. तिनं गडूवर नारळ ठेवला. मोत्यांचा सर नारळाभोवती घातला, तो एका वेढ्यात बसला, लोंबला नाही. कमरेच्या पिशवीतून मेणाचा गोळा काढला. दोरा ओढायला पटवेकरणीकडे मेण असतंच. नथीच्या चकतीवर ते बोटानं चेपलं आणि नथ नारळावर टेकवली. मग दोन्ही बाजूंना कर्णफुलं. तोवर तो नारळ नारळ राहिलाच नव्हता. शेवटी तिनं ते खोलगट पदक उचललं, पालथं केलं आणि नारळाच्या डोक्यावर ठेवलं. भोकातून शेंडी अलगद वर आली. पदक डोक्यावर टोपीसारखं बसलं, जरासुद्धा डुगडुगलं नाही.

"हाई शे ती बाई," बेबाबाई म्हणाली. "नाक टोचेल नही, कान टोचेल नही. आते सांगा, काय कमी शे?"

अमृतराव उभे राहिले. आधी त्यांनी बूट काढले. पॉलिश केलेले ते बूट त्यांनी हातानं उचलून मागं सरकवले आणि मोज्यांवर चार पावलं पुढं आले. धुळ्याच्या क्लबात इंग्रजी पेपर वाचणारा हा माणूस, पण तोंडून आलं ते सत्तर वर्षांपूर्वीचं बोरवणचं.

"कानबाई माय," ते म्हणाले. "मनी आजीनी कानबाई!"

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, आठवेल तसं सांगितलं. ते सहा वर्षांचे होते तोवर बोरवणला कानबाई बसायची. त्यांना रोट आठवत होते, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आठवत होती, गर्दीत बायकांच्या पायांमधून दिसलेला एक छोटा तांब्या आठवत होता. मग घर धुळ्याला आलं. वडील शिकलेले. ते म्हणाले, हे खेड्यातल्या लोकांचं, आपल्या घराण्याला शोभत नाही. कानबाई बंद झाली आणि पेटी लॉकरमध्ये गेली. आईसाहेबांचा साज, असं वडील सांगत. रमाबाईसाहेबांनी तो कुणासाठी करवून घेतला होता ते वडिलांनी कधी सांगितलं नाही.

"आबा," पुनम म्हणाली, "म्हणून त्यांच्या फोटोत हा साज नाहीये! आपल्या हॉलमधल्या फोटोत. मला लहानपणापासून वाटायचं, एवढी श्रीमंत बाई आणि गळ्यात नुसती काळ्या मण्यांची पोत."

"सोता पोत घाली आन् देवीले पाचू घाला," बेबाबाई म्हणाली. तिला त्या न पाहिलेल्या रमाबाईचा अभिमान वाटला, सख्ख्या बहिणीचा वाटावा तसा. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लपवलाही नाही.

पुनमनं आजोबांचा हात धरला. "मी हे घालणार नाही, आबा. हे माझं नाहीच. मला तशी पोत करून द्या, फोटोतल्यासारखी. या अक्कांच्या हातची. आणि हिला परवा घरी बसवू या."

प्रेमराजशेठ हळदीकुंकवाची वाटी घेऊन आला होता. चपला त्यानं कधी काढल्या ते कुणी पाहिलं नाही. हितेंद्र मात्र जागेवर उभा होता. तो बराच वेळ ते भोक आणि त्यातून वर आलेली शेंडी बघत राहिला. मग त्यानं जयपूरचा पाचू पुडीत घातला, पुडी खिशात घातली आणि कात्री उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. "मी नारळाच्या शेंडीच्या जागी पाचू बसवत होतो, पप्पा," तो म्हणाला. एवढं म्हणून तो स्वतःच इतका मोकळा हसला की बेबाबाईलाही त्याच्यावरचा राग धरून ठेवता येईना.

रविवारी धुळ्याला जहागीरदारांच्या बंगल्यासमोर गाड्यांना जागा उरली नव्हती. अमृतरावांनी दोन दिवसांत सगळ्या भाऊबंदांना फोन केले होते. बोरवणहून ट्रॅक्टर भरून माणसं आली. ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं ते चुलतेही आले, कारण कानबाईला नाही म्हणता येत नाही. स्वयंपाकघरात रोटांसाठी कणीक तिंबणं चाललं होतं, गंगाफळाच्या फोडी घमेल्यानं पडल्या होत्या आणि म्हाताऱ्या बायकांनी आल्या आल्या गाणी धरली होती. सत्तर वर्षं बंद असलेली या घराण्याची गाणी त्यांना पाठ कशी, कुणास ठाऊक.

बेबाबाईला आणायला गाडी पाठवली होती. पहूरच्या जावेनं फोनवर आधी थोडं ऐकवलं. "जहागीरदारनी कानबाई सजाडशी, आन् आमनी?" मग स्वतःच म्हणाली, "जाय माय. फोटो धाड." बेबाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. चौरंगावर तिच्या हातानं देवी उभी राहिली. साडी, चिंचपेटी, सर, नथ, कर्णफुलं आणि शेवटी डोक्यावरचं ते माणकांचं गोल. ते शेंडीतून खाली बसलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायकांनी एकदम हात जोडले.

आरतीआधी हितेंद्र आला. जळगावहून स्वतः गाडी चालवत आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या हातात दुकानाचा जाड कागद होता. जुन्या दागिन्याबरोबर दुकान देतं तो दाखला, शिक्क्यासकट. त्यानं तो पुनमच्या हातात दिला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "मोठ्यानं वाचा," तो म्हणाला.

गाणी थांबली. पुनमनं वाचलं.

"बोरवण जहागिरीचा साज. नग पाच. पाचू, माणिक, मोती अस्सल. रमाबाईसाहेब जहागीरदार यांनी कानबाईसाठी करवून घेतलेला. साज संपूर्ण आहे. एकही नग कमी नाही. तपासणार, बेबाबाई चुडामण पटवे, पटवेकरीण, जळगाव." त्याखाली बारीक अक्षरात होतं, "सहायक, हितेंद्र प्रेमराज."

बेबाबाई चौरंगाशेजारी मांडी घालून बसली होती. बेचाळीस वर्षांत दुकानातून हजारो कागद बाहेर गेले असतील. तिच्या हातून गेलेल्या दागिन्यांचे. त्यातल्या एकावरही तिचं नाव नव्हतं. असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं, असं ती आतापर्यंत समजत होती. आता कळलं, वाटत होतं. केव्हापासून वाटत होतं.

"परत वाच, बेटा," ती म्हणाली.

पुनमनं परत वाचलं. आता जरा सावकाश, नावापाशी थांबत. स्वयंपाकघरातल्या बायका पिठाच्या हातांनी दारात आल्या होत्या. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून कुणी तरी विचारलं, "काय म्हने? कोनं नाव?"

उत्तर अमृतरावांनी दिलं. "वाच पुनम," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा वाच. आणि अंगणात जाऊन वाच, ट्रॅक्टरवाल्यांना पण ऐकू दे."